आईची झील

आमच्या आईला एक खोड आहे. कुणी काही बोललं की त्यातला शेवटचा तुकडा ती उचलते आणि हलक्या सुरात परत म्हणते. मी स्वयंपाकघरात डोकावून "कुकर झाला का?" विचारलं की आतून "झाला का गो झाला का" असं येतं, आणि उत्तर काही येत नाही. मासेवाला दारात "ताजे बांगडे" ओरडला की हिचं "बांगडे गो बांगडे" सुरू. वडील मुंबईला असतात. सुरुवातीला फोनवर त्यांना वाटायचं की लाइन खराब आहे आणि आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतोय.

तिला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण हा तिच्या कामाचा परिणाम आहे. आई आमच्या वाडीच्या महिला नमन मंडळात झील धरते. नमन म्हणजे आमच्या कोकणातला गाण्यांचा आणि सोंगांचा खेळ; त्यात एक जण पुढे उभी राहून ओळ म्हणते, आणि मागच्या सगळ्या जणी त्या ओळीचं शेपूट उचलून घोळवतात. तीच झील. झील धरणारीला एकच नियम: पुढचीची ओळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आई हा नियम देवाच्या शब्दासारखा पाळते. मोडते ती दुसऱ्या टोकाला. सगळ्या थांबल्या तरी हिचा शेवटचा सूर थांबत नाही, पुढे जातच राहतो, आणि पेटीवर बसलेली मी भाता ओढत तिच्या येण्याची वाट बघत बसते. पेटी माझ्याकडे आहे. रत्नागिरीत पतपेढीत नोकरी करते आणि शनिवारी दुपारची एसटी पकडून हातखंब्यावरून गावी येते ती आईला भेटायला, असं सगळ्यांना सांगते. खरं तर पेटीसाठी येते.

आई लग्न होऊन आली तेव्हा नमनात बायका नव्हत्याच. राधा पुरुष, गौळणी पुरुष, त्यांची मावशी तर हमखास गावातला सगळ्यात दांडगा पुरुष. आमचा काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, गौळणीच्या कामासाठी पाच गावांत गाजलेला. त्याला मागच्या पडवीत लुगडं नेसवायची आई, चाल घोटून घ्यायची आई, "मान एवढी नको हलवू, म्हैस दिसतोस" असं सांगायची आई. काका मिशी काढायला तयार नसे, म्हणून पदर नाकापर्यंत ओढायची युक्तीही तिचीच. लोक म्हणत, याच्या गळ्यात बाई बसलेली आहे. बाई गळ्यात नव्हती, पडवीत होती, आणि तांदूळ पाखडत होती. काकाने हे कधी कुणाला सांगितलं नाही. आईनेही नाही.

पुढे बायकांचं मंडळ निघालं तोवर आईचे गुडघे बोलायला लागले होते. पुढची जागा शेजारच्या सुनेला मिळाली. तिचा गळा चांगला आहे, हे मी मान्य करते, आणि तोरा त्याहून चांगला आहे. आईने एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त एकदा फणस चिरताना, हाताला तेल चोपडत, मला म्हणाली, "एकदा तरी ह्यो आवाज माजाच हाय म्हून लोकांनी ऐकाया पायजे. मग मी मेले तरी चालंल." मी म्हटलं, मरायची काय घाई आहे, आधी फणस संपव.

आणि मग शिमगा उरकल्यावर तो गॉगलवाला आला.

गॉगल डोळ्यांवर नव्हता, डोक्यावर होता, आणि हा माणूस देवळाच्या मंडपात बसून आमची तालीम ऐकत होता. मुंबईची माणसं फिल्म काढणार होती, त्यात नमनाचं गाणं होतं, आणि त्यासाठी त्यांना खऱ्या बायका हव्या होत्या. गाणं संपलं. नेहमीप्रमाणे सगळ्या थांबल्या आणि आई पुढे गेली. गॉगलवाल्याने हात वर केला आणि म्हणाला, "हा आवाज! मला फिल्ममध्ये हाच आवाज पाहिजे." त्याचा हात आईच्या दिशेला होता, यात वाद नाही. शेजारच्या सुनेच्या मते तो तिच्या दिशेला होता.

आईने त्याच संध्याकाळी वडिलांना फोन केला. मग नाटे बंदरातल्या मामीला केला. मामीला सांगणं आणि नाट्याच्या बंदरावर भोंगा लावणं यात फारसा फरक नाही. चार दिवसांत आमच्या वाडीत, वरच्या वाडीत, मच्छी बाजारात, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा ठाऊक झालं की आईचा आवाज सिनेमात येणार. कंडक्टर मला तिकीट देताना आईची तब्येत विचारायला लागला. घसा सांभाळायला सांगा म्हणाला.

शूटिंगच्या दिवशी आम्ही सगळ्या पहाटेपासून नटून बसलो. ठेवणीतल्या साड्या, मोगरा, पावडर. फिल्मवाले हातखंब्याला मिसळ खाऊन उन्हं चढल्यावर आले. त्यांच्यातली कपडेवाली पोरगी आमच्याकडे बघून म्हणाली की या गावातल्या बायका वाटत नाहीत. मग तिने आम्हाला पेटाऱ्यातून विटलेली लुगडी काढून दिली, आमची पावडर पुसली, गालाला काजळी लावली, आणि आम्ही तिच्या मनासारख्या गावातल्या झालो. शेजारची सून आरशात बघून इतकी हसली की तिची काजळी दोनदा लावावी लागली.

गाणं रात्रीचं होतं, पण त्यांना ते दुपारी करायचं होतं. म्हणून देवळाचा सभामंडप काळ्या कापडाने गुंडाळून टाकला. आत रात्र, बाहेर रणरणतं ऊन. कुणी कापड उचलून आत आलं की मंडपात सकाळ व्हायची आणि तो गेला की पुन्हा रात्र. गुरवाचा कोंबडा बिचारा गोंधळला आणि दर सकाळी आरवायला लागला. त्याला वरच्या वाडीला नेऊन ठेवावं लागलं.

आम्ही रांगेत उभ्या राहिलो. आईने पदर खोचला, घसा खाकरला. आणि कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं.

बाईचाच आवाज होता. मऊ, तलम, कुठे खरखर नाही, मागे व्हायोलिनं. आई स्पीकरकडे बघत राहिली. "ही कोण?" तिने विचारलं. एका पोराने सांगितलं की गाणं मुंबईत कधीच रेकॉर्ड झालंय, एक मोठ्या गायिका आहेत त्यांनी गायलंय, तुम्ही काकू फक्त ओठ हलवायचे. मी तरातरा गॉगलवाल्याकडे गेले. हा आवाज पाहिजे म्हणाला होतात ना, असं विचारलं. तो म्हणाला, आवाज म्हणजे तो जो फील असतो ना ताई, तो. माझ्या हातात पेटी होती. मंडळाची नसती तर त्याच्या गॉगलावर आपटली असती.

आई मात्र भांडली नाही. रांगेत परत उभी राहिली आणि एवढंच म्हणाली की मामीला काही कळवू नको.

आता गंमत बघा. दिग्दर्शक गॉगलवाल्याहून वेगळा. त्याला आईचा आवाज नको होता, पण चेहरा आवडला. त्याने शेजारच्या सुनेला मागे नेलं आणि आईला पुढे, मधोमध उभं केलं. जन्मात जी जागा मिळाली नाही ती मिळाली, आणि तीही मुक्याने. गाणं सुरू झालं. पहिली ओळ वाजायला लागली. आई तोंड मिटून उभी. ओळ संपली, आणि आईने तोंड उघडून अशी खणखणीत झील दिली की स्पीकरमधल्या बाईंनासुद्धा ऐकू गेली असेल.

कट.

पुन्हा गाणं लावलं. पुन्हा आई थांबली. दुसरी बाई गात असताना मध्ये तोंड घालायचं कसं, हे तिच्या डोक्यात शिरेना. इतकी वर्षं हाडात मुरलेला नियम एका दुपारी कसा निघणार? दिग्दर्शक भला माणूस होता. तो स्वतः समोर येऊन बसला आणि सावकाश म्हणाला, "मावशी, मी ॲक्शन म्हटलं की लगेच तोंड उघडायचं."

"उघडायचं गो उघडायचं," आई सुरात म्हणाली. मागच्या सगळ्या रांगेने ते उचललं आणि घोळवलं. माझी बोटंही पेटीवर आपोआप फिरली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला, पण तो हसत होता. मग एका पोराला टॉवेल देऊन कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं. टॉवेल हलला की तोंड उघडायचं, असं ठरलं. आईने तोंड वेळेवर उघडलं खरं, पण नजर टॉवेलवरून हलेना. दिग्दर्शकाने छोट्या पडद्यावर बघितलं आणि आम्हालाही दाखवलं. कृष्णाला आळवणारी गौळण नव्हती ती. एसटीची वाट बघणारी बाई होती.

शेवटी आई मागच्या रांगेत गेली आणि पुढे फिल्मची हिरॉइन आली. तिने सगळं पहिल्या फटक्यात केलं. खरं सांगते, मला तिचा राग आला होता. पण मधल्या सुट्टीत ती आपणहून आमच्यात येऊन बसली. सकाळी कातळावर घसरून तिचा पाय मुरगळला होता. आईने तिचा पाय मांडीवर घेतला आणि हळद उगाळून आणवली. लेप लावता लावता म्हणाली, गाणं काय गोड गातेस गो. हिरॉइन हसली. ते माझं नाही, म्हणाली, मुंबईच्या बाईंचं. माझं बोलणंही माझं राहत नाही, मी बाहेरची ना, माझी मराठी चालत नाही त्यांना, ती दुसरीच एक मुलगी मागाहून बोलते.

आईचा हात थांबला. "म्हंजे त्वांड तुजा, गाना एकीचा, बोलना तिसरीचा. मग तुजा सोताचा काय ठेवलानी?"

हिरॉइनने खरंच विचार केला. "शिंक," ती म्हणाली. "मागच्या एका फिल्ममध्ये माझी खरी शिंक ठेवली आहे."

आईला असं हसणं सुटलं की ती काळ्या कापडावर कलंडली, कापड सुटलं, मंडपात लख्ख दुपार झाली आणि सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. हिरॉइन दुखरा पाय धरून हसत होती. आईने डोळे पुसले. "मना शिंक तरी मिळूंदे रे देवा," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण मी तिची मुलगी आहे. मला ते हसणं पुरतं ऐकू आलं.

काम संपत आलं तेव्हा आवाज टिपणारी मुलगी पुढे आली. कानांवर मोठे हेडफोन, खांद्याला यंत्र, बोलणं अगदी हळू. तिला मंडपाची शांतता टिपायची होती. कुणीही काही न बोलता थोडा वेळ बसायचं, म्हणजे रिकाम्या मंडपाचा स्वतःचा आवाज तिला मिळेल. शेजारच्या सुनेने विचारलं, काहीच नाही, तेच टेप करायचं? मुलगी हो म्हणाली. त्यासाठी शिकावं लागतं का? हो, म्हणाली. सून म्हणाली, मग आमची सासू आधीपासूनच शिकलेली आहे, माझ्याशी ती अशीच असते.

तरी आम्ही बसलो. गप्प. कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं. कुणीतरी नाकातून फुस्स केलं. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला आम्ही ओठ चावून, एकमेकींकडे न बघता बसलो आणि खरोखर शांत झालं. देवळातल्या समईची वात तडतडलेली ऐकू येत होती. तेवढ्यात वरच्या वाशावर पाल चुकचुकली, आणि आम्ही झाडून सगळ्या बायकांनी जमिनीवर टकटक बोटं वाजवून एका सुरात "कृष्ण कृष्ण" म्हटलं. त्या मुलीने हेडफोन काढले आणि भिंतीला टेकून हसत सुटली. दिवसभरात ती पहिल्यांदाच मोठ्याने ऐकू आली.

सामान आवरायला घेतलं तसा गुरव दारात उभा राहिला. हातात नारळ. सकाळी तुम्ही नारळ फोडलात, गाऱ्हाणं घातलं नाहीत, गाऱ्हाणं घातल्याशिवाय मंडपातली वायर हलायची नाही, असं त्याने सांगितलं. गॉगलवाला घड्याळ बघायला लागला. पण लाइटवाल्यांतला एक संगमेश्वरचा निघाला, त्याने हातातला दिवा खाली ठेवून हात जोडले. मग सगळेच थांबले. गुरवाने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा मुंबैवरना आली, तुज्या आंगनात खेळ मांडलानी. काय चुकला-माकला आसंल ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळ्या.

"त्येंच्या कॅमेऱ्याला, त्येंच्या वायरीला, त्या पोरीच्या मुरगाळल्या पायाला सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि हितं ज्येनी ज्येनी आवाज दिलानी, त्येंचा आवाज लोकांपातूर पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं आणि थांबलो. आई थांबली नाही. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं त्या शेवटच्या "जा"मध्ये आलं असावं. तो सूर मंडपाच्या आढ्याला लागला, तिथून फिरला, जरासा कापला, आणि मग सावकाश खाली आला. पेटी मिटलेली होती, नाहीतर मी तिच्यामागे गेले असते.

हेडफोनवाल्या मुलीने हात वर करून आपल्या माणसांना थांबवून धरलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते. मग तिने विचारलं, शेवटी थांबला नाही तो आवाज कुणाचा? सगळ्या रांगेने आईकडे बोट दाखवलं आणि तक्रार केली की ही नेहमीच लांबवते. मुलीने मान हलवली, यंत्राचं बटण दाबलं आणि गेली.

त्यानंतरचे महिने आईने कसे काढले ते मी शनिवार-रविवारी बघत होते. लोक विचारायचे, कधी येतोय सिनेमा? आई म्हणायची, येईल. कैऱ्यांच्या जागी आंबे आले, आंब्यांच्या जागी पाऊस, तरी लोक विसरेनात. खरं काय ते मंडळातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं, आणि मला वाटलं होतं की शेजारच्या सुनेच्या तोंडात तीळ भिजणार नाही. पण ती पोरगी पाणवठ्यावर उभी राहून सांगायची, "थेटरात जाऊन बगा, मग समजंल." मी तिला मनातल्या मनात पुष्कळ बोलले होते, ते सगळं मागे घेतलं.

सिनेमा रत्नागिरीला लागला त्या रविवारी आमची आख्खी वाडी टेम्पो करून आली. वडील मुंबईहून रजा काढून आले. नाट्याची मामी तळलेल्या सुरमईचा डबा घेऊन आली आणि दाराशी अडवल्यावर तो पदराखाली घेऊन आत गेली. काका आला, मिशी आता पांढरी झालेली. आई मधल्या खुर्चीवर, मी तिच्या शेजारी. तिने माझा हात धरून ठेवला.

गाणं आलं. हिरॉइन पुढे, मागे आम्ही. शेजारच्या सुनेचं अर्धं तोंड दिसलं आणि आमच्या मागच्या खुर्चीवरून सुनेने किंकाळी फोडली. आईचं कोपर दिसलं, दोन हिरव्या बांगड्या दिसल्या. आणि तो मुंबईचा तलम आवाज थिएटरभर पसरला. टाळ्या पडल्या. मामी मान वळवून म्हणाली की तुजा आवाज वाटत नाय गो ह्यो. पलीकडून काका म्हणाला, "न्हवंच. वहिनीचा गळा मी वळखतो." आईने पडद्यावरची नजर काढली नाही. मला रडू येत होतं आणि सुरमईचा वास येत होता.

सिनेमा पुढे काय झाला ते मला विचारू नका. हिरॉइन शेवटी गाव सोडून गेली एवढं आठवतं. पडदा काळा झाला. लोक उठले, अंधारात पायांनी चपला शोधायला लागले. आईही उठली.

तेवढ्यात त्या काळ्या पडद्यातून गुरवाचा आवाज आला. आवाज लोकांपातूर पोचव रे म्हाराजा. मग आम्ही सगळ्या. व्हय म्हाराजा. आणि सगळ्या थांबल्यावर एकटी आई.

व्हायोलिन नाही, काही नाही. पांढरी नावं वर सरकत होती आणि तो सूर थांबतच नव्हता. चपला शोधणारे पाय जागच्या जागी थांबले. तो वर गेला, कापला, सावकाश उतरला.

काका खुर्चीवर चढला. या वयात, धोतर सावरत. "ही आमची वहिनी!" तो ओरडला. आयुष्यभर नमनात उभा राहिलेला माणूस, शब्द आपोआप गाऱ्हाण्याच्या चालीत पडले. "माजी गौळण हिनंच बसवलान होती रे म्हाराजा!"

कोकणात गाऱ्हाणं बिनउत्तराचं राहत नाही. आमची वाडी, पुढच्या रांगेतली अनोळखी माणसं, दारातला पॉपकॉर्नवाला, सगळं थिएटर एका दमात म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

आई एकटी गप्प होती. इतक्या जणांनी मागून झील दिली आणि तिने तोंड उघडलं नाही. मी तिच्याकडे बघितलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"शिंकेपरीस बरा झाला," ती म्हणाली.